रुग्णाचे मन आणि रुग्णालयाच्या भिंती

(वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रशासन विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)





खाटा, शस्त्रक्रिया, जमा आणि खर्च यांचे तपशील अहवालाच्या पुढील पानांवर दिलेले आहेत. ते येथे वाचून दाखवून आपला वेळ आम्ही घेत नाही. यंदाच्या अंदाजपत्रकात ‘रुग्णपरिसर’ हे एक नवे शीर्ष आम्ही सुचविले आहे. त्याखाली यंत्र नाही, औषध नाही. भिंतीवरची मोठी घड्याळे, खिडक्यांची कामे, नातेवाइकांसाठी एक खोली अशा बाबी आहेत. धर्मादाय पैशातून हा खर्च का करावा, असा प्रश्न काही विश्वस्तांनी विचारला. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सभेपुढे ठेवणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आम्ही प्रशासन विभागातील बहुतेक जण वाणिज्य शाखेचे. वैद्यकशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु रोज वॉर्डांतून फिरताना, डॉक्टरांचे आणि सिस्टरांचे बोलणे ऐकताना एक गोष्ट आम्हांस वारंवार जाणवली. विचार ही केवळ डोक्यात चालणारी क्रिया आहे, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपले शरीर, आपल्या भोवतालची जागा आणि आपली माणसे या तिहींच्या आधारावर ती उभी असते. हे आधार एकदम काढून घेतले, की भल्याभल्यांचे मन डळमळते.

याचे उदाहरण कोणत्याही मोठ्या रुग्णालयात सापडेल. सत्तरी ओलांडलेले एखादे गृहस्थ मांडीचे हाड मोडल्यामुळे दाखल होतात. घरी सारे व्यवहार चोख सांभाळणारा हा माणूस तिसऱ्या रात्री सिस्टरला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागतो, सलाइनची नळी ओढतो, ‘मला घरी जायचे आहे, गाडी चुकेल’ म्हणून उठू पाहतो. मुलगा आणि सूनबाई घाबरून जातात. ‘बाबांना वेड तर लागले नाही ना?’ हा प्रश्न मग हलक्या आवाजात विचारला जातो.

ते वेड नव्हे. डॉक्टर त्यास ‘डिलिरियम’ म्हणतात. आपण भ्रमावस्था म्हणू. जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी किंवा सोडियम कमी होणे, काही औषधे, वेदना, अपुरी झोप अशी त्याची अनेक कारणे असतात आणि त्यांचा शोध डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो. पण या कारणांच्या जोडीला आणखीही काही घडलेले असते. चष्मा घड्याळासह घरी पाठविलेला असतो. कानातले यंत्र डबीत पडलेले असते. अतिदक्षता विभागात दिवस-रात्र सारखाच उजेड आणि सारखाच यंत्रांचा आवाज असतो. घरी सकाळच्या चहाने, वर्तमानपत्राने, देवघरातील घंटेने आणि माणसांच्या ओळखीच्या आवाजाने दिवसाला जो आकार मिळत होता, तो येथे नाहीसा होतो.

अमेरिकेतील येल येथील रुग्णालयात डॉ. शॅरन इनूये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तर व त्यापुढील वयाच्या ८५२ रुग्णांचा अभ्यास करून तो १९९९ साली प्रसिद्ध केला. त्यातील एका गटास नेहमीची शुश्रूषा मिळाली. दुसऱ्या गटास त्याशिवाय साध्या गोष्टी पुरविल्या गेल्या : दिवस, तारीख आणि ठिकाण यांची आठवण, चष्मा व श्रवणयंत्र, वेळेवर पाणी, रात्री शांतता, लवकरात लवकर चालविणे आणि गप्पा मारण्यास प्रशिक्षित स्वयंसेवक. पहिल्या गटात १५ टक्के रुग्णांस भ्रमावस्था आली, तर दुसऱ्या गटात ९.९ टक्के. मात्र ज्यांना ती एकदा आली, त्यांच्या बाबतीत तिची तीव्रता या उपायांनी कमी झाली नाही. म्हणजे हा खर्च आधी करावयाचा आहे. नंतर करून उपयोग थोडा.

भोवतालाविषयी आणखी एक दाखला. रॉजर उलरिच यांनी पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयाची १९७२ ते १९८१ या काळातील नोंदपत्रे तपासली. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या सारख्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी लावल्या. जोडीतील एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे रुग्ण सरासरी पाऊण दिवस लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. अभ्यास लहान होता, एकाच रुग्णालयातील होता; त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तथापि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात उजेड, रंग आणि नजरेस पडणाऱ्या वस्तूंतील बदल यांचा रुग्णाच्या शरीरावरही परिणाम होतो असे आग्रहाने मांडले होते, हे या ठिकाणी आठवते.

तिसरा आधार माणसांचा. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये भूलतज्ज्ञ डॉ. एग्बर्ट यांनी पोटाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ९७ रुग्णांपैकी काहींशी आधी सविस्तर बोलून घेतले. दुखेल कुठे, किती काळ, कूस कशी बदलावी, स्नायू सैल कसे सोडावेत, हे त्यांना समजावून सांगितले. १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात अशा रुग्णांना वेदनाशामक अफूजन्य औषधे जवळजवळ निम्मीच लागली. शस्त्रक्रिया तीच होती. तिच्याविषयी आधी झालेले संभाषण तेवढे वेगळे होते.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. मन प्रसन्न ठेवले की आजार पळतो, असे आम्ही म्हणत नाही. प्रतिजैविकाचे काम खिडकी करीत नाही आणि रक्ताची बाटली गोड शब्दांनी भरत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की औषध घेणारा माणूस शुद्धीत, विसावलेला आणि धीरात असेल, तर त्या औषधास साथ मिळते.

आणि जी गोष्ट रुग्णाची, तीच नातेवाइकांची. ही बाब आमच्या विभागाशी थेट निगडित आहे. शस्त्रक्रियेस संमती द्यावी का, व्हेंटिलेटर लावावा का, गावाकडची जमीन गहाण टाकावी का, असे आयुष्यातले कठीण निर्णय लोक आमच्या काउंटरसमोर उभे राहून घेतात. दोन रात्रींचे जागरण, पोटात वडापावाखेरीज काही नाही, मागे रांग आणि शेजारी बोलावयास कोणी नाही. अशा अवस्थेत संमतिपत्रावर झालेली सही कायद्याने पूर्ण असते. पण त्या माणसाला विचार करण्याची संधी मिळाली होती का, हा प्रश्न उरतोच. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी असतात. यांतील कित्येकांचे नातेवाईक दूरच्या तालुक्यांतून येतात आणि व्हरांड्यात वर्तमानपत्र अंथरून झोपतात. निर्धन रुग्णांसाठीचा निधी त्यांच्या उपचारांचा आहे. त्यातून ही सोय करता येत नाही, करूही नये. म्हणून हे स्वतंत्र शीर्ष.

त्याखालील मागण्या चार आहेत. अतिदक्षता विभागात प्रत्येक खाटेवरून दिसेल असे घड्याळ व तारीख. बुजविलेल्या खिडक्या मोकळ्या करणे आणि रात्री दिवे मंद करण्याची सोय. नातेवाइकांसाठी आडवे होण्याची जागा, आणि तिला लागून बसून बोलता येईल अशी बंद खोली, जिथे खर्चाचा अंदाज आणि संमतिपत्र शांतपणे समजावून दिले जाईल. आणि वृद्ध रुग्णांजवळ बसणाऱ्या स्वयंसेवकांचे प्रशिक्षण.

देणगीदारांना आमची नम्र विनंती आहे. यंत्रावर नावाची पाटी लावता येते, शांत झोपेवर लावता येत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही आपल्या देणगीचा काही अंश या शीर्षाखाली जमा करावा.

रुग्णांच्या कुटुंबीयांना विनंती अशी, की दाखल होताना चष्मा, श्रवणयंत्र आणि कवळी सोबत आणावी. घरच्या बोलीत बोलावे. मालवणी असो की अहिराणी, ओळखीचा शब्द कानी पडू द्यावा. रुग्ण असंबद्ध बोलू लागल्यास वाद घालू नये, रागावू नये; आपण कोण, आज वार कोणता, हे शांतपणे सांगावे. आणि बोलण्या-वागण्यात अचानक फरक दिसला, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता त्याच क्षणी सिस्टरना कळवावे. तो फरक सर्वांत आधी तुमच्याच लक्षात येतो. कारण हा माणूस एरवी कसा असतो, हे आमच्या केसपेपरवर कुठेच लिहिलेले नसते.

विश्वस्त मंडळाने हे शीर्ष मंजूर करावे, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.