नकाशा कोडशेजारी ठेवा

फौजेत हँडिंग-टेकिंग झाल्याशिवाय कोणी पोस्ट सोडत नाही. निवृत्तीनंतर मी एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत प्रशासन पाहत होतो. जुना इंजिनिअर सोडून गेला आणि पंधरा दिवसांत बिलिंग बंद पडलं. दोन दिवस पोरं झोपली नाहीत. भिंतीवर आकृती होती, पण तीन वर्षांपूर्वीची. जुना नकाशा फार घातक; माणूस त्यावर विश्वास ठेवून चालतो.

मग मी पोरांकडूनच शिकलो. सायमन ब्राऊन यांच्या सी-फोर मॉडेलमध्ये चार पातळ्या असतात: संदर्भ, कंटेनर, कंपोनंट, कोड. आधी सगळा मुलूख, मग एकेक टेकडी. आकृती मर्मेड किंवा प्लँटयूएमएलमध्ये साध्या मजकुरात लिहायची, म्हणजे ती गिटमध्ये कोडसोबतच राहते आणि त्याच रिव्ह्यूत तपासता येते. गिटहबवर २०२२ पासून मर्मेडची आकृती थेट दिसते.

निर्णय का घेतला, तेही लिहा. मायकेल नायगार्ड यांनी २०११ मध्ये मांडलेली पद्धत सोपी आहे: परिस्थिती, निर्णय, परिणाम. एखाद-दोन पानं पुरतात.

उद्या तुम्ही रजेवर गेलात, तर मागच्याला वाट सापडेल का? आज एवढं तपासा. जय हिंद.