उरलेल्या बारांतला राजगड
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



उद्या सकाळी आपली बस राजगडाकडे निघणार आहे. त्याआधी गडाविषयी चार शब्द सांगावेत, अशी संयोजकांची आज्ञा आहे. ‘पाच मिनिटांत आटप’ अशी तंबीही आहे. तेव्हा मुद्द्यावरच येतो.

‘पुरंदरच्या तहावर टीप लिहा’ हा प्रश्न आपण सर्वांनी सोडवला आहे. साल १६६५, मोगलांना दिलेले किल्ले २३. एवढं पाठ असलं की मार्क मिळायचे. महाराजांकडे राहिलेल्या १२ किल्ल्यांविषयी फारसं कुणी विचारत नसे. त्या बारांत राजगड होता. १६६६ मध्ये आग्र्याहून निसटून महाराज परतले ते इथेच. म्हणजे एवढं गेल्यावर पुन्हा उभं राहायला जी जागा उरली होती, ती आपण उद्या पाहणार आहोत.

मुरुंबदेवाच्या या डोंगराची उंची सुमारे साडेचार हजार फूट. मधोमध बालेकिल्ला आणि भोवती पद्मावती, संजीवनी, सुवेळा अशा तीन माच्या. रायगडाआधी सुमारे २५ वर्षं स्वराज्याचा कारभार इथून चालला. १६५९ मध्ये सईबाईंनी इथेच डोळे मिटले, १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म इथेच झाला.

राजवाडा शोधाल तर हाती नुसती जोती लागतील. पण संजीवनी माचीची दुहेरी तटबंदी नीट पाहा. बाहेरचा तट फोडून शत्रू आत आला, तरी दोन भिंतींमधल्या अरुंद बोळात अडकायचा. सुवेळा माचीवर कातळाला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. तिथला वारा अंगावर घ्याच. हवा स्वच्छ असेल तर तोरणा, सिंहगड, पुरंदर ओळखू येतील.

आता कामाचं. आपण पालीच्या वाटेने चढणार आहोत, तो जुना राजमार्ग. चोर दरवाजाची वाट गुडघे शाबूत असलेल्यांनी नातवंडांसोबत पुन्हा कधीतरी करावी. बालेकिल्ल्याची चढण उभी आहे, तिथे शाळेतली पैज आठवू नका. पद्मावती माचीवर तळ्याकाठी बसणाराही राजगड पाहूनच येतो.

२०२५ मध्ये या गडाचा समावेश जागतिक वारसा यादीत झाला. तटावर चढायचं नाही, भिंतीवर नावं लिहायची नाहीत, नेलेली प्रत्येक बाटली खाली आणायची. वर्गात कागदाचे बोळे फेकणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं!

मित्रहो, आज हजेरी घेताना काही नावांवर आपण सगळेच थांबलो. जे गेले त्यांची यादी आपल्याला पाठ आहे. जे उरलो आहोत त्यांनी उद्या एकमेकांचा हात धरून, झेपेल तिथवर चढू या. मागे पडणाऱ्यासाठी पुढच्याने थांबायचं, एवढी एकच विनंती.