पहिला गेम छोटा करा, पण पूर्ण करा





मी गेम बनवण्याच्या धंद्यातला माणूस. मीरा रोड-भाईंदरची मुलं भेटली की हमखास विचारतात, "सर, गेम डेव्हलपमेंट शिकायचंय, कुठला क्लास लावू?" त्याचं उत्तर आज सगळ्यांसमोर देतो. क्लासची फी भरण्याआधी या कामाची आपल्याला गोडी आहे का, ते फुकटात तपासून घ्या.

त्यासाठी 'गोडो' हे गेम इंजिन, म्हणजे गेम बांधायचं सॉफ्टवेअर, आहे; ते अर्जेंटिनातल्या दोन प्रोग्रामरनी 2014 साली सर्वांसाठी खुलं केलं. त्याला पैसे लागत नाहीत, गेम विकला तरी रॉयल्टी द्यावी लागत नाही, आणि छोटे गेम साध्या लॅपटॉपवर बनवता येतात. त्याच्या अधिकृत मार्गदर्शिकेत पहिला टू-डी गेम पायरीपायरीने करून दाखवलाय. सुरुवात तिथून करा. चित्रं काढता येत नसतील तर 'केनी' या डच डिझायनरच्या साइटवर हजारो तयार चित्रं आहेत, ती मोफत वापरता येतात. इंग्रजी व्हिडिओ जड जात असतील तर पवईच्या आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रम आहे. त्यात प्रोग्रामिंगचे आणि चित्रांच्या सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही मिळतात.

म्हणजे साधनांची वानवा नाही. उलट साधनं इतकी आहेत, की मुलं एकामागून एक व्हिडिओ बघत बसतात आणि हातून गेम होत नाही. म्हणून एक धडा संपला की व्हिडिओ बंद करा आणि तेच सगळं आठवून पुन्हा बांधा. जिथे अडाल तिथूनच खरं शिक्षण सुरू होतं.

पहिला गेम एका लेव्हलचा असू द्या. विषय शोधायला लांब जायला नको. उत्तनजवळचा धारावी किल्ला तुमच्या मीरा-भाईंदर शहरातच आहे. 1739 च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगिजांकडून घेतला, कारण वसईच्या खाडीच्या तोंडावर त्याची नजर होती. खाडीत शिरणारी गलबतं किल्ल्यावरून अडवायची, एवढा एक नियम पहिल्या गेमला पुरतो.

मोठी स्वप्नंही जरूर बघा, पण त्यांना वेळ लागतो. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने 'राजी' हा गेम केला. 2017 साली त्यासाठी ऑनलाइन लोकवर्गणी मागितली, ती पुरेशी जमली नाही. तरी त्यांनी काम सोडलं नाही, आणि 2020 मध्ये 'राजी' जगभर खेळला गेला.

गेम झाला की 'इच डॉट आयओ' या साइटवर मोफत टाका. मग मित्राच्या हातात द्या आणि तो खेळत असताना एक शब्दही बोलू नका. तो कुठे गोंधळतो, कुठे कंटाळतो, ते लिहून ठेवा. नोकरीच्या मुलाखतीत मी आधी उमेदवाराचा पूर्ण झालेला गेम मागतो, प्रमाणपत्र त्यानंतर बघतो.

तेव्हा पदवीधरांनो, निकालाच्या आनंदात चार दिवस मजा करा आणि पाचव्या दिवशी कामाला लागा. महिनाभरात एक छोटा गेम पुरा करा, आणि तो कसा केला हे तुमच्या कॉलेजातल्या मागच्या वर्गातल्या एखाद्याला शिकवा.