बाळंतिणीचे केस आणि परमुलखाचे पाणी
(मंडळाच्या महिला विभागापुढे दिलेले भाषण)



आपल्यातील पुष्कळ मुली पहिल्या बाळंतपणाला देशी, माहेरी जातात आणि बाळ तीनएक महिन्यांचे झाले की इकडे परततात. थोड्याच दिवसांत न्हाणीघराची जाळी केसांनी तुंबू लागते. दोष येतो तो येथील जड पाण्याला. त्यातून सुटला तर अंगावर पाजण्याला. ‘दूध तोड, म्हणजे केस थांबतील,’ हा सल्ला आम्ही वैद्यकीच्या व्यवसायात वारंवार ऐकला आहे. आज बोलावयाचे आहे ते त्याविषयीच.

डोक्यावरील प्रत्येक केस काही वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने विसावतो व गळतो. एरवीही रोज ५० ते १०० केस जातातच. गरोदरपणी संप्रेरकांच्या प्रभावाने गळावयाचे केसही टिकून राहतात. त्या दिवसांत वेणी दाट दिसते ती म्हणूनच. प्रसूतीनंतर संप्रेरके उतरतात, रखडलेले केस एकदमच विसाव्याला जातात आणि दोन ते चार महिन्यांनी एकदमच गळू लागतात. मुलगी माहेरीच राहिली असती, तरी ते गळालेच असते! गळलेल्या केसाच्या टोकाचा पांढरा ठिपका पाहून कित्येकजणी घाबरतात. पण नवा केस उगवणारे मूळ त्वचेत शाबूत असते. बाळ वर्षाचे होईपर्यंत बहुतेकींचे केस पूर्ववत होतात. वरचे दूध देणाऱ्या आयांचेही केस गळतातच. तेव्हा केसांपायी बाळाचे दूध तोडणे हा निव्वळ तोटा होय.

अळिवाचे नि डिंकाचे लाडू अवश्य खावेत, पण अन्न म्हणून. गळती थांबविण्याचे औषध म्हणून नव्हे. लोहाच्या गोळ्या मात्र प्रसूतीनंतर १८० दिवस घ्यावयाच्या असतात, आणि नेमक्या त्याच प्रवासाच्या गडबडीत सुटतात.

वर्ष उलटूनही गळती थांबली नाही, चाई पडली, किंवा जोडीला फार थकवा व धडधड जाणवू लागली, तर हिमोग्लोबिन व थायरॉईड तपासून घ्यावे. बाळ अंगावर पीत असेतो केस उगविण्याची औषधे आपल्या मनाने लावू नयेत.

आणखी एक. आईचा गळलेला लांब केस बाळाच्या बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्तप्रवाह अडू शकतो. बाळ रडावयाचे थांबेना आणि कारण सापडेना, तर पायमोजे काढून बोटे पाहावीत. केस रुतलेला असून सहज निघत नसेल, तर त्याच घटकेला डॉक्टरांकडे न्यावे.