न मोजलेल्या श्रमांची नोंद



पदवीनंतर मुलीने ‘स्त्री-अभ्यास’ हा विषय घेण्याचे ठरविले, तर अंधेरी-बोरिवलीच्या मध्यमवर्गीय घरात पहिला प्रश्न नोकरीचा निघतो. दुसरा जरा दबक्या आवाजात येतो : हे पाश्चात्त्य खूळ आपल्याकडे कशाला? पहिला प्रश्न रास्त आहे. दुसऱ्याचे उत्तर फार लांब शोधावे लागत नाही.

अंधेरीहून दुसरे स्थानक सांताक्रूझ. तेथून जुहू रस्त्याला लागले की श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचा परिसर येतो. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली अवघ्या पाच विद्यार्थिनींनिशी आरंभिलेले हे विद्यापीठ. याच विद्यापीठात १९७४ साली डॉ. नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले. भारतीय विद्यापीठांतील असे ते पहिलेच. बेचाळीसच्या आंदोलनात महाविद्यालय सोडून उतरलेल्या या विदुषीला कोणी परकी म्हणणार काय?

त्याच सुमारास केंद्र शासनाने नेमलेल्या समितीचा अहवाल आला. दर हजार पुरुषांमागे १९०१ साली ९७२ स्त्रिया होत्या. १९७१ साली ९३० उरल्या. शिक्षण वाढले, रुग्णालये वाढली आणि स्त्रिया मात्र घटल्या! आपल्या विद्वानांना हे सत्तर वर्षे दिसले कसे नाही, या प्रश्नातून हा विषय वाढला. १९८१ साली पहिली राष्ट्रीय परिषद याच विद्यापीठात भरली, तर पुणे विद्यापीठात १९८७ साली केंद्र निघाले.

या अभ्यासाचे खरे मोल कशात आहे? घाटकोपर-मुलुंडच्या कोणत्याही घरातली गृहिणी पहाटे उठते. पाणी भरणे, डबे, सासऱ्यांची औषधे, मुलांचा अभ्यास, जोडीला पतीच्या दुकानाचा हिशेब. जनगणनेचा कर्मचारी विचारतो, “काम काय करता?” उत्तर येते, “काही नाही, घरीच असते.” कागदावर ती बिनकामाची ठरते. अभ्यासकांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे १९९१ च्या जनगणनेत घरच्या शेतातील वा उद्योगातील विनामोबदला कामाचा स्पष्ट उल्लेख आला. दुकानाचा हिशेब त्यामुळे मोजला जाऊ शकला. स्वयंपाक मात्र तरीही बाहेरच राहिला. पुढे २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाकाठी २९९ मिनिटे त्यात जातात, तर तेच करणाऱ्या पुरुषाची ९७, असे आढळले.

दोष नाहीत असे नव्हे. यातील पुष्कळसे लेखन इतक्या जड परिभाषेत असते, की ज्या गृहिणीविषयी ते आहे तिला त्यातले एक पान कळू नये. (मराठी अनुवाद तर कित्येकदा मुळाहून दुर्बोध.) कुटुंब हे केवळ जाच करण्याचे ठिकाण, असाही सूर काही ठिकाणी लागतो, आजीच्या मांडीवर वाढलेल्यांना तो पटत नाही. पण म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४. त्या मुली कोणत्या परदेशात नव्हे, आपल्याच शिकल्या-सवरल्या घरांतून नाहीशा झाल्या.