माणूसपणाचा दाखला

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला विषय दिला आहे, ‘माणूस असणे म्हणजे काय?’ विषय मोठा आणि वक्ता लहान, अशी आजची परिस्थिती आहे. मी कोणी पंडित नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि गेली वीसेक वर्षे बँकेत कारकुनी करतो आहे. तेव्हा थोडे वाचलेले आणि थोडे काउंटरच्या अलीकडून पाहिलेले, एवढेच आपल्यापुढे मांडणार आहे.

शाळेच्या पुस्तकात माणसाची व्याख्या असते. दोन पायांवर ताठ चालणारा, हातांनी अवजारे घडवणारा, भाषा बोलणारा आणि विचार करणारा प्राणी तो माणूस. व्याख्या चूक नाही. पण मित्रांनो, या व्याख्येत आपले पणजोबाही बसत होते. ते ताठ चालू शकत होते, त्यांच्या हातात कसब होते, तोंडात भाषा होती. तरीही गावच्या पाणवठ्यावर त्यांना जाता येत नव्हते. म्हणजे शरीराने माणूस असणे वेगळे आणि समाजाने माणूस मानणे वेगळे. विज्ञानाला जो प्रश्न कधी पडला नाही, तो आपल्या देशात हजारो वर्षे पडत होता : समोर उभा असलेला हा माणूस, माणूस आहे की नाही?

या प्रश्नाचे उत्तर तथागतांनी फार पूर्वी दिले होते. सुत्तनिपातात वासेट्ठ सुत्त आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन ब्राह्मण तरुणांचा वाद होतो. एकाचे म्हणणे, माणूस जन्माने ब्राह्मण ठरतो. दुसऱ्याचे म्हणणे, आचरणाने ठरतो. वाद मिटेना म्हणून दोघे इच्छानंगलच्या वनात भगवंतांकडे जातात. भगवंत त्यांना उपदेशाचा डोस पाजत नाहीत. ते म्हणतात, जरा आजूबाजूला पाहा. गवत आणि झाडे पाहा, किडे-मुंग्या पाहा, चार पायांची जनावरे, साप, मासे, पक्षी पाहा. प्रत्येकाची जात त्याच्या अंगावर दिसते. माणसांत तसे काही दिसते का? केसांत, कानांत, डोळ्यांत, ओठांत, हातापायांत कुठे जातीची खूण आहे? नाही. मग माणसामाणसांत जे वेगळेपण आपण बोलतो ते नावापुरते आणि व्यवहारापुरते आहे. जो शेती करून जगतो तो शेतकरी, जो कारागिरी करतो तो कारागीर, जो व्यापार करतो तो व्यापारी.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद आहे. त्यात शापाची भीती नाही की पुण्याचे आमिष नाही. डोळे उघडून पाहा, एवढेच सांगणे आहे. विद्यार्थी मित्रांनी ही पद्धत ध्यानात ठेवावी.

आता महाडकडे येऊ. चवदार तळ्याची हकीकत आपल्याला पाठ आहे असे आपण समजतो. पण पाठ झालेल्या गोष्टीकडे माणूस पुन्हा नीट पाहत नाही, म्हणून मी ती तारीखवार सांगतो. कारकुनाला तारखांची सवय असते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव. ५ जानेवारी १९२४ रोजी महाड नगरपालिकेने आपल्या ताब्यातील तळे खुले असल्याचा ठराव केला. कागद पूर्ण झाला. पण पुढची तीन वर्षे तळ्याच्या पायऱ्या कोणी उतरू शकले नाही.

१९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेला आलेल्या लोकांसाठी पाणी स्पृश्यांकडून विकत घ्यावे लागले. ४० रुपयांचे पाणी, आणि तेही १९२७ सालचे ४० रुपये! सार्वजनिक तळे हाकेच्या अंतरावर, नगरपालिकेचा ठराव दप्तरात, आणि पाणी मात्र विकतचे. २० मार्चला बाबासाहेबांच्या मागोमाग लोक रांगेने तळ्याकडे निघाले. बाबासाहेब त्या वेळी कोलंबिया आणि लंडनच्या विद्यापीठांत शिकून आलेले बॅरिस्टर होते, मुंबई कायदेमंडळाचे सदस्य होते. एवढी विद्या आणि एवढे पद असलेल्या माणसालाही ओंजळभर पाण्यासाठी मोर्चा काढावा लागला. शिक्षणाने माणूस मोठा होतो हे खरे. पण समाजाने माणसाचे मोजमाप जन्माने करायचे ठरवले, तर पदव्यांचे वजन त्या काट्यावर पडतच नाही, हे त्या दिवशी दिसले.

त्यानंतर काय झाले? अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठवली गेली आणि परतणाऱ्या, जेवत बसलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या. पुढे तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसून, पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. त्याच तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, परधर्मीय पाणी भरत होते. तेव्हा तळे बाटले नव्हते. ते बाटले माणसाच्या ओंजळीने! ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला जुना ठराव मागे घेतला.

डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला आले. आदल्याच पंधरवड्यात काहींनी न्यायालयातून तळ्यावर जाण्यास मनाई मिळवली होती. त्या परिषदेत बाबासाहेबांनी स्पष्ट केले, की हे पाणी प्यायल्याने आपण अमर होणार नाही आणि न प्यायल्याने मरणारही नाही. इतरांसारखीच आपणही माणसे आहोत, हे सिद्ध करण्यासाठी तळ्यावर जायचे. सर्व माणसे जन्मतः समान आहेत, असा ठराव तेथे झाला आणि २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. सभेला कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी जागा दिली. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस हे सोबत होते. वासेट्ठ सुत्तातील उत्तर महाडला असे प्रत्यक्ष उभे राहिले. कोण कोणत्या घरी जन्मला याला अर्थ उरला नाही, कोण कसा वागला याला उरला.

तळ्याचा खटला पुढे चालला तो तब्बल १९३७ पर्यंत. तळे वापरण्यास अस्पृश्यांना बंदी असण्याची प्रथा अनादी काळापासून आहे, हे वादींना शाबीत करता आले नाही. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. एका ओंजळीला दहा वर्षे लागली. आणि १९५० साली राज्यघटना अमलात आली तेव्हा तिच्या १५ व्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट, रस्ते यांचा उल्लेख नावानिशी आला, १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. घटनेतला ‘तळी’ हा शब्द वाचताना मला तरी महाडचेच पाणी दिसते.

बंधू-भगिनींनो, इथवर झाला प्रश्नाचा अर्धा भाग. जगाने आपल्याला माणूस मानले पाहिजे, हा तो भाग. पण मराठीत ‘माणुसकी’ हा शब्द दोन अर्थांनी चालतो. माणुसकीचे हक्क म्हणतो तेव्हा माणूस म्हणून मिळायचा दर्जा अभिप्रेत असतो. ‘त्याच्यात माणुसकी आहे’ म्हणतो तेव्हा त्याचे दुसऱ्याशी वागणे अभिप्रेत असते. एक मागायची माणुसकी, दुसरी द्यायची माणुसकी. पहिली मिळवण्यासाठी आपल्या आधीच्या पिढ्यांनी डोकी फोडून घेतली. दुसरीचा हिशेब आता आपल्या पिढीने द्यायचा आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका विहारात एक भिक्खू अतिसाराने आजारी पडून स्वतःच्याच मलमूत्रात पडला होता. भगवंत आणि आनंद तेथून जात होते. भगवंतांनी विचारले, तुझी शुश्रूषा करायला कोणी नाही का? तो म्हणाला, नाही. का नाही? तर मी या भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले. एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. मग भिक्खूंना बोलावून विचारले. त्यांनीही तेच उत्तर दिले : तो आमच्या उपयोगाचा नाही. तेव्हा भगवंतांनी त्यांना बजावले, की इथे तुम्हाला आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची सेवा केली नाही तर कोण करील?

या प्रसंगातला ‘उपयोगाचा नाही’ हा शब्द मला फार टोचतो, कारण आमच्या व्यवसायात तो रोज न उच्चारता वापरला जातो. मोठी ठेव असलेल्या खातेदाराला खुर्ची मिळते. निराधार योजनेचे पैसे काढायला आलेली आजी रांगेत भिंतीला टेकून उभी असते. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला द्यायला येतात. आपण जिवंत आहोत, हे माणसाला सिद्ध करावे लागते. जन्मभर खडी फोडलेल्या, भांडी घासलेल्या, झाडू मारलेल्या बोटांच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्रावर अंगठा ठेवला की यंत्र म्हणते, जुळत नाही. यंत्राचा दोष नाही, त्याला रेषाच कळतात. पण काचेच्या या बाजूला बसलेल्या माणसाला त्या रेषा का झिजल्या हे कळायला हवे. त्याने उठून दुसरा मार्ग काढायचा, की ‘पुढचा’ म्हणून हाक मारायची? हयातीचा दाखला म्हातारीने द्यायचा असतो. माणूसपणाचा दाखला त्या वेळी कारकुनाने द्यायचा असतो.

हा दाखला आपणा प्रत्येकाकडे रोज कोणीतरी मागतो आहे. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली अधिक कडक कायदा झाला. तरीही गटारात उतरलेली माणसे गुदमरून मेल्याच्या बातम्या येतच राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख केली. रकमेची नोंद मी करू शकतो, पण बाप गेलेल्या घराच्या खात्यात तो परत जमा करण्याची सोय कोणत्याही बँकेत नाही. ही टाकी कोणाच्या इमारतीची असते? ती आपल्याही गृहनिर्माण संस्थेची असू शकते. ठेका देताना आपण दर विचारतो. यंत्राने साफ करणार की माणूस उतरवणार, हे विचारतो का?

आता थोडे घरचे बोलतो, राग मानू नये. आपल्यातील अनेकांना नोकऱ्या लागल्या, घरे झाली. घरकामाला येणाऱ्या बाईचा चहाचा कप आपल्याकडेही वेगळा आहे का, हे प्रत्येकाने आपल्या स्वयंपाकघरात जाऊन पाहावे. २२ प्रतिज्ञा आपल्या भिंतीवर आहेत, पण वधू-वर मेळाव्यांच्या अर्जांत अजून ठिकठिकाणी पोटजातीचा रकाना छापला जातो आणि लोक तो मुकाट्याने भरतात. तथागतांनी वासेट्ठाला विचारलेला प्रश्न तिथे विचारला तर? मुलाच्या कानात, डोळ्यात पोटजात कुठे दिसली? बाहेरच्या उतरंडीवर टीका करायची आणि घरातली छोटी उतरंड जपून ठेवायची, हे महाडच्या पाण्याला शोभत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही आमच्यापेक्षा जास्त शिकाल, परदेशातही जाल. तिथे कोणी तुम्हाला आडनावावरून जोखले तर मान खाली घालू नका, जाब विचारा. तो तुमचा हक्क आहे आणि त्याची किंमत मोजून झालेली आहे. पण उद्या तुम्ही खुर्चीवर बसाल आणि समोर एखादा असा माणूस येईल, की ज्याचा तुम्हाला काडीचाही उपयोग नाही, त्या वेळी तुमची खरी परीक्षा असेल. गुणपत्रिका त्या परीक्षेची मिळत नाही.

माझ्या अल्पबुद्धीप्रमाणे आजच्या विषयाचे उत्तर एवढेच आहे. माणूस असणे म्हणजे आपल्या माणूसपणासाठी कोणापुढे हात न पसरणे, आणि दुसऱ्याला त्याच्या माणूसपणासाठी आपल्यापुढे हात पसरायला न लावणे. यातले एकच साधले तर माणूस अर्धाच राहतो.

शेवटी संस्थेला दोन विनंत्या करतो. पुढील वधू-वर मेळाव्याच्या अर्जात पोटजातीचा रकाना असू नये. आणि आपल्या वस्तीत एकटे, आजारी, वृद्ध कोण आहेत त्यांची यादी करून, दर आठवड्याला दोघांनी त्यांच्याकडे जाण्याची पाळी लावावी. पाळीच्या वहीत पहिले नाव माझे लिहावे.



भवतु सब्ब मंगलं! जयभीम!