गाईच्या कातडीची साक्ष

रोज सकाळीं घरीं येणारें दूध कोणत्या गाईचें, हें शहरांतील श्रोत्यांस बहुधा ठाऊक नसतें. ती गाय क्षयी कीं निरोगी, हें पुष्कळदां तिच्या धन्यासही ठाऊक नसतें. दूध उकळल्यानें क्षयाचे जंतु मरतात, ही घरची सोय झाली. गोठ्यांत मात्र हा रोग श्वासावाटे एका जनावरापासून दुसऱ्यास जडत असतो, आणि जडलेली गाय महिनेच्या महिने नीट चरते, रवंथ करते व दूधही देते.

मग तो ओळखावा कसा? जिवंत गाईच्या फुप्फुसांतले जंतु हुडकणें अवघड. म्हणून तिच्या शरीरासच विचारावें लागतें. रॉबर्ट कॉख यानें १८९० सालीं क्षयजंतूंपासून काढलेलें ट्युबर्क्युलिन रोगावरील औषध म्हणून पुढें आणलें. औषध या नात्यानें तें साफ फसलें. रोगपरीक्षेच्या कामीं मात्र तें अजूनही सुटलेलें नाहीं. गाईच्या मानेवरील केस कातरून कातडीची जाडी मोजतात, तींत हें द्रव्य टोचतात व ७२ तासांनीं पुन्हां मोजतात. क्षयजंतूंशीं पूर्वीं संबंध आला असल्यास रक्तांतील ‘टी’ नांवाच्या पांढऱ्या पेशी ती ओळख विसरलेल्या नसतात. त्या टोचल्या जागीं जमतात आणि कातडी सुजते.

मातींतील निरुपद्रवी भाऊबंद जंतूंमुळेंही अशी सूज येऊं शकते. यासाठीं ब्रिटनमध्यें शेजारींच पक्ष्यांच्या क्षयजंतूंचें ट्युबर्क्युलिन टोचून दोन्ही सुजा ताडून पाहतात. गाईच्या जंतूची सूज पक्ष्यांच्या जंतूच्या सुजेपेक्षां ४ मिलिमीटरांहून अधिक फरकानें जास्त भरली, कीं नेहमींच्या निकषाप्रमाणें तें जनावर कत्तलीस जातें. मग तें कितीही धडधाकट दिसो!

ही साक्ष तरी पुरी विश्वासाची आहे काय? रोग अगदीं ताजा असतां टी पेशींची ओळख पक्की झालेली नसते. उलट तो सर्वांगीं भिनला, कीं त्या पेशी निपचित पडतात. म्हणजे कळपांतील सर्वांत घातक गायच कधीं कधीं निर्दोष ठरते! अशा गाईच्या रक्तांत बहुधा प्रतिद्रव्यें वाढलेलीं असतात. तीं तपासल्यानें ती सांपडण्याचा संभव असतो. दुसरी एक रक्तपरीक्षा ऑस्ट्रेलियांत १९८० नंतरच्या दशकांत निघाली. तींत ताजें रक्त ट्युबर्क्युलिनसह ठेवून टी पेशींनीं सोडलेलें इंटरफेरॉन-गॅमा हें द्रव्य मोजतात. कातडीच्या परीक्षेंतून निसटलेल्या कांहीं गाई तींत सांपडतात. निरोगी गाईवर आळ येण्याची भीतीही मात्र थोडी अधिक.

भारतांत बहुतेक राज्यांत गोवधास कायद्यानें बंदी आहे. तेव्हां मारून रोग हटविण्याचा मार्ग येथें चालत नाहीं, व लशीचा विचार येतो. बी. सी. जी. ही लस काल्मेत व गेरँ यांनीं गाईच्याच क्षयजंतूपासून, १९०८ ते १९२१ पर्यंत तो प्रयोगशाळेंत सुमारें २३० वेळां पुन्हां पुन्हां वाढवून, तयार केली. अडचण ही, कीं लस टोचलेल्या गाईची कातडीही ट्युबर्क्युलिननें सुजते. संरक्षित आणि रोगी यांत भेद उरत नाहीं. सुटकेची वाट त्या १३ वर्षांच्या खटाटोपांतच निघाली. त्या काळांत जंतूनें ‘ई-सॅट-६’ व ‘सी. एफ. पी.-१०’ हीं प्रथिनें करण्याची शक्ति गमावली होती. रानटी जंतु तीं करतो, लशीचा करीत नाहीं. तेव्हां ट्युबर्क्युलिनऐवजीं अशीं प्रथिनें टोचल्यास लसवंत गाय सुजत नाहीं, रोगी सुजते. लस व ही नवी परीक्षा यांचे गोठ्यांतील प्रयोग इंग्लंडांत २०२१ सालीं सुरू झाले.